कॉलेज गल्लोगल्ली, तरी नाईटला सिस्टर एकच का?

भाऊ, तुम्ही एका दमात तीन प्रश्न विचारलेत. तुमच्या केज तालुक्यात एक संस्था नर्सिंग कॉलेज काढायलीय, त्यानं आपल्या भागातली सिस्टरची टंचाई कमी होईल का. एवढे कॉलेज असून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात म्हणा नाहीतर संभाजीनगरच्या घाटीत म्हणा, रात्री साठ पेशंटला एकच सिस्टर का दिसते. आणि पुतणीला या लाईनला टाकावं का. मी आधी वॉर्डात स्टाफ नर्स होते, मग इंचार्ज, आणि शेवटची बरीच वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात गेली, त्यामुळं दोन्हीकडचं बघितलंय. सरळ सांगते, मराठवाड्यात शिकायला मुली कमी नाहीत आणि सीटाही कमी नाहीत. कमी आहेत त्या भरलेल्या पोस्टा, आणि दुसरं म्हणजे मुलींचा हात बसायला लागणारे पेशंट अन त्या पेशंटजवळ उभं राहून शिकवणारी बाई. नवीन कॉलेजनं पहिली गोष्ट सुटत नाही, दुसरी तर बऱ्याचदा अजून बिघडते.

आधी नाईटचा हिशोब करू. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा म्हणजे आयएनसीचा जो नॉर्म आहे त्यात मेडिकल कॉलेजच्या जनरल वॉर्डात तीन खाटांमागं एक नर्स धरतात, ती तिन्ही पाळ्या मिळून बरं का, म्हणजे एका पाळीत नऊ पेशंटमागं एक, आणि त्यावर ३० टक्के रजा राखीव. साध्या दवाखान्यात पाच खाटांना एक. आयसीयूत तर प्रत्येक पाळीत एकाला एक. आता ३० खाटांचा वॉर्ड घ्या, १० नर्स आणि रजेच्या ३, अशा १३ पाहिजेत, तेव्हा कुठं सकाळी चार, दुपारी तीन, नाईटला तीन अशी ड्युटी लिस्ट बसते. पण आपल्याकडं ३० खाटांच्या मेडिसिन वॉर्डात पावसाळ्यात, तापाच्या सीझनला साठ पेशंट असतात, खाली गाद्या टाकलेल्या, पॅसेजमधी सलाईन खिडकीच्या गजाला बांधलेलं. साठला त्याच नॉर्मनं २६ नर्स लागतील. नर्स मात्र पेशंट मोजून मिळत नाही, मंजूर खाटा मोजून मिळते, आणि त्या मंजूर पोस्टातल्याही सगळ्या भरलेल्या नसतात. मग मॅट्रन ऑफिस तरी काय करणार, एकीची सुट्टी कापायची अन दुसरीची नाईट भरायची.

रजा राखीव हा शब्द लोकांना फालतू वाटतो. अहो, नर्सिंगचा बहुतेक सगळा केडर बायकांचा. सहा महिने बाळंतपणाची रजा, शिवाय राज्य सरकारनं दिलेली १८० दिवसांची बालसंगोपन रजा, हे हक्काचं आहे आणि असलंच पाहिजे. पण त्या जागेवर कोणी द्यायचं नाही, म्हणजे एक पोरगी बाळंत झाली की वॉर्डातल्या बाकीच्या सहाजणी तिचं बाळंतपण काढतात. यातून बायकाबायकांतच भांडणं लागतात, ते वेगळंच.

एक पाळी जवळून सांगते. शेतात फवारणी करताना औषध अंगात गेलेला माणूस आपल्या भागात नवीन नाही, सीझनला तर रोजचा. त्याला ॲट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचा उतारा, चालू करतात. हे ॲट्रोपिन सलाईन लावून निघून जायचं काम नाही, सुरुवातीला पाच-पाच मिनिटाला छाती ऐकायची, घुरघुर कमी झाली का, तोंडातला फेस थांबला का, पल्स ऐंशीच्या वर आली का, बीपी किती, बुबुळ बघायचं. कमी पडलं तर माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडतो, जास्त झालं तर ताप चढतो, बडबड करायला लागतो, सलाईन ओढून टाकतो, नातेवाईक त्याला धोतरानं खाटेला बांधतात. डॉक्टर ऑर्डर लिहून कॅज्युअल्टीत गेलेला असतो, बघायचं सिस्टरनं. अन त्याच वेळी शेजारी साप चावलेला बाप्या आलाय, त्याचं दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचंय, गोठतंय का ते बघायला, त्यावर सापाच्या विषावरचं इंजेक्शन द्यायचं की नाही ठरतं. तेवढ्यात पलीकडून आवाज, "सिस्टर, आमचं सलाईन संपायलंय." एकटी बाई यातलं कोणतं आधी करेल सांगा. आणि सकाळी चौकशी झाली तर पहिला कागद नर्सेस नोट्सचा काढतात, रात्री दोनला पल्स का लिहिली नाही म्हणून.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण मेडिकल कॉलेजमधी २४ तासांत २४ पेशंट गेले, त्यात १२ नवजात बाळं होती, हे सगळ्या देशानं बघितलं. मुंबई हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हा औषधांची चर्चा लई झाली, ती खरीच होती, पण नवजातांच्या कक्षात क्षमतेच्या दुपटीच्या वर बाळं भरती होती ही गोष्ट तेवढी कोणाच्या डोक्यात राहिली नाही. आजूबाजूच्या जिल्ह्यातून, तेलंगणाच्या सीमेवरून, खाजगीवाल्यांनी हात वर केलेले पेशंट शेवटच्या घटकेला विष्णुपुरीला, म्हणजे याच दवाखान्यात येतात, आणि सरकारी दवाखान्याला नाही म्हणता येत नाही. बाळाला ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवली तर सिस्टर काय दोन होत नाहीत.

आता पोस्टा का भरत नाहीत. पहिलं म्हणजे सरकारी दवाखाने एका खात्याचे नाहीत. मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याकडं, जिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याकडं, पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं अन उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडं, आणि एनएचएम म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाची भरती परत वेगळीच, कंत्राटी. प्रत्येकाची जाहिरात वेगळी, बिंदुनामावली म्हणजे आरक्षणाची यादी वेगळी. रिटायरमेंट मात्र दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला होते, तिला जाहिरात लागत नाही. भरती निघते तीन-चार वर्षांनी एकदा, मग परीक्षा, मग कागदपत्र तपासणी, मग कोणीतरी कोर्टात. २०२३ ला वैद्यकीय शिक्षण संचालनालयानं पाच हजारांवर पदांची जाहिरात काढली, त्यात मोठा हिस्सा अधिपरिचारिकांचा म्हणजे स्टाफ नर्सचा होता, चांगली गोष्ट होती. पण एवढी मोठी भरती एकदम काढावी लागते याचाच अर्थ खड्डा आधी किती वर्षं तसाच होता.

आणि भरती झाली तरी आपल्याकडं टिकत नाही हे कोणी बोलत नाही. मेरिटनं पुण्या-नाशकाकडची पोरगी नांदेडला लागते, ती पहिल्या दिवसापासून बदलीच्या अर्जाच्या मागं असते, तिचं काही चुकत नाही, नवरा तिकडं, लेकरं तिकडं. आपल्या पोरी मुंबईला लागतात त्याही तसंच इकडं यायला धडपडतात. मग जागा कागदावर भरलेली अन वॉर्डात रिकामी. क्वार्टर पडकी, दुपारची पाळी संपवून रात्री साडेआठ-नऊला घरी जायला रिक्षा मिळत नाही. मोठमोठ्या योजनांपेक्षा पन्नास नीट क्वार्टर अन एक पाळणाघर बांधलं असतं तर निम्म्या बदल्या थांबल्या असत्या, हे माझं मत आहे.

कंत्राटीचा विषय तुम्हाला माहीत असेलच. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या नर्सेस संपावर गेल्या त्या बाहेरच्या एजन्सीमार्फत कंत्राटी भरतीच्या विरोधात, आणि २०२५ च्या जुलैला परत संप झाला तेव्हाही मुख्य मुद्दा तोच होता. लोकांना वाटतं पगारासाठी करायलेत. कायम अधिपरिचारिकेचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगात ३५,४०० पासून सुरू होतो, एनएचएमवर तेच काम करणाऱ्या मुलीला वीस हजाराच्या आसपास, एजन्सीकडून आली तर त्यातही कटिंग. एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, एकच सलाईन लावणाऱ्या दोघी. कंत्राटी पोरगी दुसरीकडं पाच हजार जास्त मिळाले की जाते, आणि तिला अडवणार कोण. मग नवीन येते, तिला ओव्हर म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती कशी घ्यायची, क्रॅश कार्ट म्हणजे इमर्जन्सीची ट्रॉली कुठंय इथपासून सांगा. हे ओझं कायमवाल्यांवरच पडतं.

यात भर पडलीय नवीन मेडिकल कॉलेजांची. पूर्वी मराठवाड्यात सरकारी म्हणजे घाटी, अंबाजोगाई, नांदेड अन लातूर. आता २०२२ ला धाराशिव, २०२३ ला परभणी, २०२४ ला जालना अन हिंगोली. म्हणजे आठही जिल्हे झाले म्हणायला हरकत नाही, बीडचं अंबाजोगाईला आहे. डॉक्टर होतील, आनंदच आहे. पण १०० एमबीबीएस सीटला नॅशनल मेडिकल कमिशनच्या नियमानं ४२० खाटा लागतात. मघाचाच नॉर्म लावला तर नुसत्या जनरल वॉर्डाच्या हिशोबानं १४० नर्स अन रजेच्या ४२, अशा १८२, त्यात आयसीयू, ओटी, लेबर रूम धरलंच नाही. कमिशनचं इन्स्पेक्शन येतं तेव्हा प्रोफेसर मोजतात, त्यांच्या चेहऱ्याची हजेरी बघतात. नर्स कमी पडली म्हणून कोणाची एमबीबीएसची सीट गेली असं मी तरी कधी ऐकलं नाही. मग धावपळ प्रोफेसरांची होते, आणि नर्सेस जुन्या जिल्हा रुग्णालयाच्याच, नाहीतर शेजारच्या दवाखान्यातून प्रतिनियुक्तीवर उचललेल्या. म्हणजे खड्डा एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर नेला, एवढंच.

आता तुमच्या कॉलेजच्या प्रश्नाकडं येते.

आधी कोर्स कोणते ते थोडक्यात सांगते, कारण लोक सगळ्यालाच नर्सिंग म्हणतात. एएनएम दोन वर्षांचा, गावपातळीवर काम करणाऱ्या ताईंचा. जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा, बारावी कोणत्याही साईडची चालते. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची डिग्री, बारावी सायन्स, बायोलॉजीसकट. डिग्री नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, डिप्लोमा राज्याच्या नर्सिंग अन पॅरामेडिकल बोर्डाचा, आणि पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, ते नसेल तर बाकी सगळं रद्दी. मधल्या काळात जीएनएम बंदच करणार असं आयएनसीनं जाहीर केलं होतं, मग मागं घेतलं, त्या गोंधळात बऱ्याच संस्थांनी घाईघाईनं बीएस्सी काढली. २०२३ ला संसदेनं नवीन नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा केलाय, १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. त्यातून तपासणी कडक झाली तर बरंच आहे.

नियमानं बीएस्सीला स्वतःचा निदान १०० खाटांचा दवाखाना लागतो, खाटा पाऊणएक भरलेल्या लागतात, एका विद्यार्थ्यामागं तीन पेशंट लागतात, दहा विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक लागतो. ६० सीटचं कॉलेज चार वर्षांत २४० मुलांचं होतं. म्हणजे २४ शिक्षक, त्यातले बरेच एमएस्सी पाहिजेत. तालुक्याच्या गावात एवढ्या एमएस्सी नर्सिंग झालेल्या बाया आणायच्या कुठून? जी एमएस्सी झाली ती सरकारीत जाते नाहीतर पुण्याला नाहीतर परदेशात. मग काय होतं ते सगळ्या लाईनला माहितीय. शिक्षक कागदावर, इन्स्पेक्शनच्या दिवशी गाडीतून येतात. दवाखान्याचा बोर्ड १०० खाटांचा, गाद्यांवरचं प्लॅस्टिक निघालेलं नसतं, आणि त्या एका दिवसासाठी आसपासच्या गावातून शिबिराच्या नावानं म्हातारी माणसं आणून झोपवतात, जेवण अन गोळ्या देऊन संध्याकाळी सोडतात. मी हे सगळ्या खाजगी कॉलेजबद्दल म्हणत नाही, संभाजीनगरला, लातूरला अशी कॉलेजं आहेत की ज्यांचे दवाखाने तुडुंब चालतात, तिथली मुलगी मी डोळे झाकून आयसीयूला घेईन. पण तालुक्याच्या गावातलं, ज्याचा दवाखाना कॉलेजसाठीच बांधलाय, त्याची मला पहिली शंका येते.

मग या मुलींना पेशंट कुठं दाखवायचे? सरकारी दवाखान्यात. ॲफिलिएशनची फी भरली की पोस्टिंग मिळतं. त्यामुळं सकाळी आठला जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात बघा, तीन-चार कॉलेजच्या वेगवेगळ्या रंगाच्या युनिफॉर्मच्या पन्नासेक मुली, एका कॅथेटरभोवती पंधरा डोकी, मागच्या पोरींना दिसतोय तो पुढच्या पोरीच्या केसांचा बन. सोबत शिकवणारी बाई आली तर आली, नाहीतर आमच्या स्टाफवर सोडून जातात. आधीच एक सिस्टर साठ पेशंटला, ती पन्नास मुली कधी शिकवणार. मग त्या मुली टीपीआर म्हणजे ताप, नाडी, श्वास मोजतात, चादरी बदलतात, रिपोर्ट आणायला लॅबला पळतात, आणि संध्याकाळी प्रोसिजर बुकमधी सह्या गोळा करतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सह्यांसाठी रांग लागते ती वेगळी.

सगळ्यात अवघड लेबर रूमचं. प्रत्येक मुलीनं ठरलेल्या संख्येनं डिलिव्हरी स्वतःच्या हातानं, कोणाच्या तरी देखरेखीखाली करायच्या असतात. खाजगी दवाखान्यात सिझरच जास्त, अन नॉर्मल झाली तर डॉक्टर मॅडम स्टुडंटला हात लावू देत नाहीत, पेशंटनं पैसे मोजलेत म्हणून. म्हणजे सगळा भार सरकारी लेबर रूमवर. तिथं एमबीबीएसचे इंटर्न, पीजी, एएनएमच्या मुली, जीएनएमच्या, बीएस्सीच्या, सगळ्यांना त्याच डिलिव्हऱ्या पाहिजेत. टेबलावरच्या बाईचा तरी विचार करा, तिच्या पायाशी बारा जण उभे. मी इंचार्ज असताना एका बाळंतिणीपाशी दोनच स्टुडंट हा नियम केला होता, एक करणारी, एक बघणारी, त्यावरून कॉलेजवाल्यांची लई बोलणी खाल्ली, पण ज्या दोघी असायच्या त्यांना पेरिनियम, म्हणजे बाळ बाहेर येताना फाटू शकतो तो भाग, कसा सांभाळायचा ते खरंच यायचं. आणि मानसिक आजाराचं पोस्टिंग तर विचारूच नका, राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर अन रत्नागिरीला, एकही आपल्याकडं नाही. मुली बसनं पुण्याला जातात, धर्मशाळेत राहतात, अन तेवढ्या दिवसांत जे दिसेल ते बघून येतात.

म्हणून म्हणते, अडलंय ते पेशंटजवळ. विहिरीला पाणी नाही अन वर मोटारी वाढवत चाललोत, असं चाललंय. केजला अजून एक कॉलेज निघालं तर त्याच्याही मुली अंबाजोगाईच्या त्याच वॉर्डात, त्याच लेबर रूमला येणार. आधीच्या मुलींच्या वाट्याचं अजून कमी होणार. पास होऊन निघतील, रजिस्ट्रेशन होईल, आकड्यात वाढतील. देशात कागदावर ३३ लाखांच्या वर नर्सिंगवाल्यांचं रजिस्ट्रेशन आहे म्हणतात, हजार माणसांमागं दोनच्या जवळपास, डब्ल्यूएचओचा हिशोब तीनचा आहे. पण रजिस्टरवरून लग्न करून घरी बसलेली, परदेशात गेलेली, वारलेली यांची नावं सहजासहजी निघत नाहीत. माझ्या बॅचच्या तर कितीजणी रजिस्टरवर आहेत अन नातवंडं सांभाळायलीत.

केंद्रानं २०२३ च्या बजेटला १५७ नवीन सरकारी नर्सिंग कॉलेजं जाहीर केली, २०१४ नंतर निघालेल्या मेडिकल कॉलेजांना जोडून. ही कल्पना मला पटते, कारण तिथं दवाखाना आधी आहे अन कॉलेज नंतर. फक्त एकच, बिल्डिंगसोबत शिक्षिकांच्या पोस्टा पण भरा. नाहीतर वॉर्डातलीच एखादी सिनियर सिस्टर उचलून पाठ्यनिर्देशिका म्हणजे शिकवणारी बाई म्हणून बसवतात, म्हणजे वॉर्ड पण गेला अन शिकवणं पण धड नाही.

शिकून झाल्यावर मुली जातात कुठं, तेही बघा. छोट्या नर्सिंग होममधी जीएनएम झालेल्या मुलीला दहा-बारा हजार देतात, बारा तासांची ड्युटी. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्रानं समिती नेमली होती, तिनं सांगितलं की ५० खाटांच्या खालच्या दवाखान्यातही २० हजारांपेक्षा कमी देऊ नका, आणि २०० खाटांच्या वर सरकारीएवढा पगार द्या. आमच्या भागात हे कोणी पाळलेलं मी पाहिलं नाही. उलट कितीतरी ठिकाणी दहावी-बारावी झालेली गावातली पोरगी ठेवतात, सहा महिन्यांत इंजेक्शन शिकवतात, पांढरा कोट घालतात, लोक तिलाही सिस्टरच म्हणतात. चार-पाच हजारात मिळते तर शिकलेलीला बारा कोण देईल. आणि शिकलेली ठेवलीच तर तिची ओरिजिनल सर्टिफिकेटं कपाटात ठेवून घेतात, सोडून जाऊ नये म्हणून. हे पूर्ण चूक आहे अन कौन्सिलकडं तक्रार करण्यासारखं आहे, पण पोरी घाबरतात.

मग ज्यांचा हात चांगला आहे त्या पुणे-मुंबई-हैदराबादला जातात. आता तर जर्मनीचं खूळ आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. भाषा बी-२ पातळीपर्यंत शिकावी लागते, ती काही सोपी नाही, पण शिकलेल्या मुली आहेत. मला जाणाऱ्यांचा राग येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पोरगी, जिच्या सोबतच्यांची सोळा-सतराव्या वर्षी लग्नं उरकली, ती नर्स होऊन परदेशातून घरी पैसे पाठवते, तिला मी कोणत्या तोंडानं थांब म्हणू. थांबवायचं असेल तर इथं कायमची पोस्ट द्या.

तुमच्या संस्थावाल्यांना माझा निरोप सांगा, जमीन अन पैसा आहेच तर आधी ५० खाटांचा खरा चालणारा दवाखाना काढा, डिलिव्हरी करा, सिझेरियन करा, रात्री कॅज्युअल्टी उघडी ठेवा, नॉर्मप्रमाणं दहा अन रजेच्या तीन अशा तेरा नर्स नियमाच्या पगारावर ठेवा. तो तीन-चार वर्षं चालला, भरला, वाढला, की मग कॉलेजचं बघा. ऐकणार नाहीत, मला माहितीय, कारण दवाखान्यात पैसा घालावा लागतो अन कॉलेजला स्कॉलरशिपचा येतो.

सरकारकडं मागायचं असेल तर एकच मागा, क्लिनिकल इन्स्ट्रक्टरची वेगळी पोस्ट. पेशंटची ड्युटी नसलेली, वॉर्डात आठ तास नुसतं शिकवणारी बाई, प्रत्येक मोठ्या वॉर्डाला एक. आणि एका वॉर्डात एकावेळी किती स्टुडंट याला कडक मर्यादा. ज्या कॉलेजकडं स्वतःचे पेशंट नाहीत त्यांची सीट त्याप्रमाणं कमी करा. याशिवाय सिस्टरच्या अंगावरची कारकुनी काढा. इंडेंट म्हणजे सामानाच्या मागणीचे कागद, औषधांची ऑनलाईन एंट्री, धोब्याच्या कपड्यांचा हिशोब, योजनेच्या पेशंटचे फोटो, यात निम्मी पाळी जाते. एक डाटा एंट्रीचा पोरगा दिला तर अर्धी नर्स वाढल्यासारखी आहे, अन तो नर्सपेक्षा स्वस्त पडतो.

आता पुतणी. नीटला मार्क कमी पडले म्हणून नर्सिंग, असं असेल तर तिला आधी नीट विचारा. लातूरला दोन वर्षं क्लास करून आलेल्या अशा मुली माझ्याकडं यायच्या, पहिलं वर्ष तोंड पाडून बसायच्या, काही नंतर अशा रमल्या की विचारू नका, काही नाही रमल्या. रक्त, घाण, रात्रपाळी, पेशंटच्या नातेवाईकांच्या शिव्या, हे सगळं आहे, पण रिकामं बसायची वेळ येत नाही, हे नक्की. बायोलॉजी असेल तर बीएस्सीच करा, पुढं एमएस्सीला, सरकारीला, बाहेर जायला तीच कामाला येते. घरची परिस्थिती ओढगस्तीची असेल तर जीएनएम सरकारी मिळालं तर तेही उत्तम, नंतर डिग्रीसाठी पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं करता येतं. बीएस्सीचं ॲडमिशन राज्याच्या सीईटी सेलच्या परीक्षेतून होतं, डायरेक्ट सीट देतो म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका.

कॉलेज निवडताना वेबसाईटवरचे फोटो बघू नका. आयएनसी अन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत त्या वर्षासाठी नाव आहे का बघा. मग न सांगता, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला त्यांच्या दवाखान्यात जा. ओपीडीला रांग आहे का, खाटांवर माणसं आहेत का, रात्री ऑपरेशन होतं का हे बाहेरच्या चहावाल्याला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. आणि फायनल इयरच्या दोन-तीन मुली गाठून विचारा की आतापर्यंत स्वतःच्या हातानं किती डिलिव्हऱ्या केल्या अन त्या कुठं केल्या. पटकन आकडा अन दवाखान्याचं नाव सांगितलं तर फॉर्म भरा. एकमेकींकडं बघून हसायला लागल्या तर दुसरं कॉलेज बघा, फी कितीही कमी असली तरी.